काळा रंग कसा येतो

मे महिन्यात नदी जिन्याच्या चौथ्या पायरीवर येते
तेव्हा मी फळं उकळायला घेते.
झाडावर ती हिरवी, गुळगुळीत,
न्हाव्याकडून आत्ताच उठलेल्या टकल्यांसारखी.
तुम्ही तुंबा म्हणाल. आम्ही कुया म्हणतो.
विळ्या-भोपळ्याचं सख्य सांगतात लोक;
माझ्या घरी सुरी आणि कुया
तीस वर्षं एका चटईवर झोपतात.

आधी करवत. एका फळाच्या दोन वाट्या.
गर कोंबड्याही खात नाहीत, तो पाण्यात.
मग पिरारुकू माशाच्या खवल्यानं खरवडायचं,
अर्ध्या तळहाताएवढा खवला असतो एकेक,
मग एंबाऊबाच्या खरखरीत पानानं घासत राहायचं
बोट घसरेपर्यंत.
मग सालीचा लाल रस. एक हात, वाळव.
दुसरा हात, वाळव.
ऊन आलं नाही तर रागवायचं नाही.
माझी नणंद जुसिलेया रागवायची
आणि तिच्या कुयांना भेगा पडायच्या.
(दोन्हींचा संबंध नसेलही. सांगून ठेवते.)

आता काळा रंग.
इथे पाहुणे असले की मला खोकला येतो.
पसरट पत्र्यात राख, वाळू,
आणि घरातल्या पोरांचं रात्रीचं मूत.
वर काटक्या, काटक्यांवर पालथ्या कुया,
त्यावर गोणपाट.
चार दिवस कुणी उघडायचं नाही.
पाचव्या दिवशी लाल कुठे गेलं कळत नाही,
आतून-बाहेरून नुसती अमावस्या.
वास धुतल्यावर जातो.
रंग जात नाही. उकळतं ताकाका ओता,
जात नाही.

सांतारेंहून एक बाई आली, हॉटेलसाठी साठ नग.
म्हणाली, “काहीतरी उष्णकटिबंधीय काढा ना!
टूकन, माड, मोठी मोठी फुलं.”
मी जुसिलेयाकडे पाहिलं.
तिनं खिडकीबाहेर.
बाहेर उष्णकटिबंधच होता:
ओंडक्यांच्या तराफ्यावर गाय उभी, गुडघे चिखलानं माखलेले,
तिचा चारा होडीतून येत होता,
कोंबड्या छपरावर, न्हाणीत सुसरीचं पिल्लू,
आणि डास तर नगावर विकता येत नाहीत.
माड आमच्या चिखलात रुजत नाही.
टूकन पलीकडच्या रानात असतो;
मी नीट पाहिला तो बिस्किटाच्या पुड्यावर.

पुडा समोर ठेवून काढले. साठही काढले.
काळ्यावर सुरीचं टोक फिरतं तिथे
खालचं फिकट लाकूड उजाडतं,
चोच झाली, डोळा झाला,
पैसे आले, होडीच्या मोटारीला नवा पंखा आला.
नेताना बाईनं एक कुया नाकाशी धरली.
“किती नैसर्गिक!”
“हो,” म्हटलं, “अगदी.”
जुसिलेया उठून आत गेली.
फळ्यांच्या फटींतून तिचं हसू
खाली पाण्यात पडत राहिलं.

एकसष्टावी कुया तिची होती.
तोवर तिचा उजवा हात थरथरायला लागला होता,
आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.
तिनं आकारी मासा काढला,
चिखलात तोंड खुपसणारा, रूप नसलेला,
आम्ही रोज खातो तो.
कल्ल्यापर्यंत रेघ सरळ. पुढे पर कापरा झाला,
शेपटी दोनदा उमटली.
ती फेकायला निघाली. मी हिसकावून घेतली
आणि होडीत टाकली.

आता ती गेली. कुया होडीतच आहे.
तळाचं पाणी मी तिनंच उपसते.
लोक म्हणतात, एवढं कोरलेलं आणि पाणी उपसायला?
मला तरी दुसरं काय सुचणार.
ती दोनदा उमटलेली शेपटी
पाण्याखाली गेली की हलते.

काल रात्री धाकटा दार्लिसोन उठला,
डोळे मिटलेले, जिन्याकडे निघाला.
मी अंधारातूनच ओरडले,
“नदीत नको रे, सोन्या!
पत्र्यात. पत्र्यात.”